संगणक चालतोय, तरी म्हातारा कसा?

आजचा विषय आपल्या हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या वस्तूचा आहे. संगणकाचा. गेले काही महिने नंदाखालच्या आणि आजूबाजूच्या उमराळे, राजोडी, वाघोली, निर्मळच्या बायका आम्हाला एकच प्रश्न विचारतायत. संगणक चालतोय, मुलांचे प्रोजेक्ट निघतात, हिशेब होतो, प्रिंट येते. मग दुकानदार तो बदलायला का सांगतो? आणि बदलायचाच, तर ज्या कंपनीनं आधीचा म्हातारा ठरवला तिच्याच नव्या मालावर पुन्हा भरवसा ठेवायचा का?

प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्या देशात तो निदान पन्नास वर्षं जुना आहे आणि त्याचं पहिलं मोठं भांडण मुंबईशी जोडलेलं आहे. म्हणून दुकानदाराच्या कोटेशनआधी आज थोडा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलंय.

पण आत्ता नेमकं काय झालंय ते आधी बघू. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं ‘विंडोज १०’ बाजारात आणलं ते २९ जुलै २०१५ ला. हेच शेवटचं विंडोज, असं कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं त्या वर्षी एका परिषदेत जाहीरपणे म्हटलं होतं. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ ला, ‘विंडोज ११’ आलं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाची नेहमीची देखभाल कंपनीनं थांबवली. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. वाडीला वई घातलेली असते ना, तसं समजा. वईला रोज कुठं ना कुठं भगदाड पडतं आणि कुणीतरी येऊन ते बुजवतं. ते बुजवणारा आता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. झाडं तिथंच आहेत, पाणीही येतंय, पण गुरं आत शिरली तर बघायला कुणी नाही.

मग अकरा घालून टाकावं, तर त्याला अट आहे. संगणकात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते, जी किल्ल्या आणि कुलपं सांभाळते. प्रोसेसरही साधारण २०१८ च्या पुढचा लागतो. इंटेलचा असेल तर बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची यंत्रं, कितीही ठणठणीत असली, तरी कंपनीच्या यादीत बसत नाहीत. कंपनी म्हणते, हे तुमच्या सुरक्षेसाठी. टीका करणारे म्हणतात, चांगली यंत्रं भंगारात घालायला लावता. आमच्या मते दोघांचंही खरं आहे. नव्या यंत्रातली कुलपं खरोखरच जास्त मजबूत आहेत. फक्त ती बसवण्याचा खर्च कंपनीनं स्वतःकडे न ठेवता आपल्याकडे सरकवलाय.

आता पन्नास-साठ वर्षं मागं जाऊ.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या तरुण शास्त्रज्ञांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधला आणि १९६० साली तो पूर्णपणे कामाला लागला. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारं ते खोलीभर यंत्र होतं. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. म्हणजे आपल्या लोकांना संगणक बांधता येत नव्हता असं नव्हे. पण तेवढ्यात बाजारात दुसरंच यंत्र आलं. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीचं ‘१४०१’ हे मॉडेल १९६१ मध्ये मुंबईतल्या एस्सो या तेल कंपनीत बसलं. मग कारखाने, सरकारी खाती, संशोधन संस्था सगळीकडे त्याच कंपनीची यंत्रं दिसू लागली. १९७० च्या आसपास भारतातल्या संगणकांत सर्वांत मोठा वाटा आयबीएमचाच होता.

यात मेख अशी होती की यंत्र सहसा विकत मिळत नसे. ते भाड्यानं मिळे. महिन्याला भाडं भरायचं, दुरुस्तीला कंपनीचाच माणूस यायचा, सुटा भाग कंपनीचाच. परदेशात वापरून झालेली यंत्रं इथं आणून, मुंबईच्या कारखान्यात नीटनेटकी करून, पुन्हा भाड्यानं दिली जात. अमेरिकेत १४०१ ची विक्री १९७१ मध्ये थांबली, इकडे मात्र त्याचं भाडं चालूच राहिलं. या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीनंही १९७० च्या दशकात कडक ताशेरे ओढले.

बघा, तेव्हाची तक्रार आजच्यापेक्षा अगदी उलटी होती. आज आपण म्हणतो, चांगलं यंत्र जुनं ठरवून नवं गळ्यात मारतात. तेव्हा लोक म्हणत, जगानं टाकलेलं जुनं यंत्र आपल्या गळ्यात मारलं. पण दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट होती. यंत्र जुनं की नवं हे ठरवणारा माणूस वापरणाऱ्याच्या घरात नव्हता.

१९७३ साली परकीय चलन नियमन कायदा झाला. त्याप्रमाणे परदेशी कंपन्यांना इथल्या धंद्यातला आपला हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणायचा होता. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि उद्योगमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, पालिका कामगारांचे पुढारी, १९६७ मध्ये स. का. पाटलांना पाडणारे, ते हेच. आयबीएमनं मधले काही मार्ग सुचवले, पण मालकी सोडायला ती तयार झाली नाही, आणि १९७८ मध्ये तिनं भारतातला गाशा गुंडाळला. कोका-कोलाही त्याच सुमारास गेली. आपल्याकडच्या वयस्कर मंडळींना कोका-कोला गेल्याची आठवण असते, आयबीएमची नसते. बाटली घरात येत होती, संगणक नव्हता.

कंपनी गेली, पण यंत्रं इथंच राहिली. शेकडो कचेऱ्यांत ती उभी होती, त्यांच्यावर पगारपत्रकं निघत होती. ती बंद पडली तर बघणार कोण? इथं आमच्या मते या इतिहासातलं सर्वांत कामाचं पान आहे, आणि भाषणांत त्याचा उल्लेख क्वचित होतो. सरकारनं १९७५ मध्येच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन म्हणजे ‘सीएमसी’ नावाची कंपनी उभी करून ठेवली होती. नावातच दुरुस्ती होती. आयबीएम गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीनं उचलली. आयबीएममधल्या काही माजी कर्मचाऱ्यांनीही आपली स्वतंत्र कंपनी काढली. ज्या यंत्रांचे सुटे भाग कंपनीच देत असे ती यंत्रं आपल्या तंत्रज्ञांनी चालती ठेवली. याच सीएमसीनं पुढे १९८६ मध्ये दिल्लीत रेल्वेचं आरक्षण संगणकावर आणलं आणि तिथून ते मुंबईसह इतर शहरांत पसरलं. गावी जायच्या तिकिटासाठी पहाटेपासून वेगवेगळ्या खिडक्यांवर उभं राहणं ज्यांनी सोसलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

पुढची गंमतही सांगून टाकतो. आयबीएम १९९२ मध्ये टाटांचा हात धरून परत आली. सीएमसीतला सरकारी हिस्सा २००१ मध्ये टाटांकडे गेला आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. कोण आपलं आणि कोण परकं, याच्या चिठ्ठ्या दर वीस वर्षांनी बदलतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या घराकडे येऊ. खोलीएवढा संगणक टेबलावर आला आणि १९९० च्या दशकात हळूहळू घरांत शिरला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. पण आपल्या बाजूला बऱ्याच घरांत संगणक आला तो ‘असेंबल’ केलेला. ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं फिरायची, मदरबोर्ड एकाकडून, मॉनिटर दुसऱ्याकडून, आणि खोकी उचलून विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात चढायचं. फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या दादरला उतरवून परतणाऱ्या आपल्या बायकांना तो डबा नवा नव्हता. संगणकाचं खोकं तेवढं नवं होतं.

त्या संगणकाचा एक मोठा गुण होता. चार स्क्रू काढले की तो उघडत असे. मुलांना गेम खेळताना अडकतोय, तर रॅम वाढवा. जागा संपली, तर दुसरी हार्ड डिस्क लावा. पावसाळ्यात वीज कडाडली आणि एसएमपीएस उडाला, तर तेवढाच बदला. ‘अपग्रेड’ हा शब्द आपल्या घरांत आला तो या अर्थानं. साडीला फॉल लावावा, छत्रीची एक काडी बदलावी, तसा. पूर्ण वस्तू टाकून नवी आणणं याला तेव्हा कुणी अपग्रेड म्हणत नव्हतं. हा शब्द कधी उलटला ते आपल्याला कळलंच नाही.

याच काळात आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट घडली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. कितीतरी मुली, आणि लग्न होऊन आलेल्या सुनाही, त्यासाठी क्लासला बसल्या. पण तिथं बोटांना जी सवय लागली ती प्रामुख्यानं एकाच कंपनीच्या विंडोजची आणि ऑफिसची. संगणक शिकणं म्हणजे त्या कंपनीचा माल वापरायला शिकणं, असं समीकरण झालं. अभ्यासक्रमाला यासाठी दोष द्यायचा नाही, त्यानं लाखो लोकांची भीती घालवली. पण आज दुसरं काही वापरून बघू या म्हटलं की जी धडकी भरते तिचं मूळ तिथं आहे.

आता या सगळ्यात आपली भाषा कुठं होती? हा भाग आम्ही जरा सावकाश सांगणार आहोत, कारण आपलं सर्वांत मोठं नुकसान इथं झालेलं आहे.

परक्याच्या यंत्रात मराठी बसवताना तिचे हाल होणं ही जुनीच गोष्ट. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, ओवी मराठी, पण अक्षरं रोमन, कारण छापखान्यात नागरीचे खिळे नव्हते. टंकलेखन यंत्रावरही मराठीला इंग्रजीच्या कळांत अंग चोरून बसावं लागलं. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतात टंकलेखन यंत्र बनवायला सुरुवात केली आणि २००९ च्या सुमारास ते थांबवलं. तरी ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांचं आजही चालतं. कंपनीनं उत्पादन थांबवलं म्हणून कागदावरची आधीची अक्षरं काही पुसली गेली नाहीत.

संगणकावर मात्र नेमकं तेच झालं. मोहन तांबे या तंत्रज्ञांनी कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ नावाचं तंत्र तयार केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिकडे गेलं. संगणकात एक कार्ड बसवायचं आणि पडद्यावर देवनागरी दिसायची. अक्षरांना कोणते आकडे द्यायचे याचं सरकारी मानकही होतं. पण बाजारात प्रत्येक कंपनीनं आपापले फाँट काढले आणि प्रत्येकीनं आतली मांडणी वेगळी ठेवली. एकीच्या फाँटमध्ये ज्या आकड्यावर ‘क’ होता, तिथं दुसरीच्या फाँटमध्ये अर्धा ‘ष’. परिणाम आपल्याला ठाऊक आहे. लग्नाची पत्रिका एका दुकानात टाइप केली आणि दुसऱ्या दुकानात उघडली की पडद्यावर मुंग्या.

नंदाखालसारख्या गावात १९९० ते २००५ या काळात काय काय टाइप झालं असेल त्याचा विचार करा. महिला मंडळांचे अहवाल, पतपेढ्यांची पत्रकं, घराण्यांच्या वंशावळी, सणाच्या पुस्तिका. आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत मोलाची, म्हाताऱ्या बायकांकडून ऐकून उतरवलेली सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी. ती बोली शाळेच्या पुस्तकात नाही. ती आपल्या ओटीवर, मांडवात आणि वाडीत बोलली जाते. कुणीतरी हौसेनं ती अक्षरांत धरली, फ्लॉपीवर किंवा सीडीवर ठेवली, आणि संगणक बदलल्यावर ती फाइल उघडेनाशी झाली. फाइल शाबूत आहे, गाणी आत आहेत, पण ज्या फाँटनं ती वाचता येतात तो फाँट जुन्या यंत्राबरोबर गेला. गाणाऱ्या बायकांतल्या कितीतरी आज नाहीत.

यावर उपाय निघाला तो सर्वांनी एकच आकडेवारी मानल्यामुळे. ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती, आपल्याच सरकारी मानकावर बेतलेली. युनिकोड कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. पण मोठ्या कंपन्या त्यात होत्या, म्हणून ते सगळीकडे चाललं, हेही सांगायला हवं. मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज २०००’ मध्ये देवनागरी आणली आणि सोबत ‘मंगल’ नावाचा फाँट दिला. तो घडवला आपल्या रघुनाथ कृष्ण जोशी यांनी. र. कृ. जोशी म्हणजे सुलेखनकार आणि कवी. त्यांनी मुंबईत जे. जे. कलाशाळेत आणि पवईच्या आयआयटीत पिढ्या घडवल्या. २००८ मध्ये ते गेले. त्यांचाच ‘रघू’ हा फाँट मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रामार्फत सर्वांना मोफत खुला झाला. एकाच हातानं एक अक्षर कंपनीला दिलं, एक लोकांना. आज आपण मोबाइलवर सहज मराठी लिहितो आणि ते कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर वाचता येतं, ते या खुल्या आकडेवारीमुळे.

कंपन्यांवर भरवसा किती ठेवायचा, या प्रश्नाकडे आम्ही इथून बघतो. कंपनी चांगली की वाईट हे ठरवत बसलो तर संध्याकाळ निघून जाईल. आम्ही तीन गोष्टी विचारतो. माझी फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेल का? यंत्र बिघडलं तर कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाला ते उघडता येईल का? आणि उद्या कंपनीनं दार लावलं तर माझं सामान आत अडकेल की बाहेर असेल?

तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि तिथल्या गप्पा, ओळखी, कविता तिथंच राहिल्या. गूगल फोटोजनं हवे तितके फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून काढली, आणि जागा संपल्यावर महिन्याचं भाडं सुरू झालं. भाडं हा शब्द आपण मघाशीच ऐकला, १४०१ च्या वेळी. जुलै २०२५ मध्ये तर मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टनं काही दिवस थांबवल्या. कारण युरोपनं त्या कंपनीवर निर्बंध घातले होते. पैसे भरलेले होते, काम भारतात चाललेलं होतं. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी चढता आली. आपल्या घरचं खातं उद्या अडकलं तर आपण कुठली पायरी चढणार?

मग देशी कंपनीकडे जावं का? २०२५ मध्ये केंद्र सरकारची ईमेल ‘झोहो’ या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याची बरीच चर्चा झाली. चांगली गोष्ट आहे. पण मघाची चिठ्ठी लक्षात आहे ना? सरकारी सीएमसी चाळीस वर्षांत टीसीएसच्या पोटात गेली. आपले तीन प्रश्न देशी कंपनीलाही विचारायचेच.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कंपन्यांचा राग म्हणून वई तशीच उघडी टाकून चालणार नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूनं जगभर संगणक अडवले, खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवायची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले. पुढच्याच महिन्यात तसल्याच एका हल्ल्यानं न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि बाहेर ट्रकच्या रांगा लागल्या. तेव्हा ‘मला काय होतंय, माझ्या संगणकात आहे काय’ असं म्हणू नका. बँकेचं काम, आधारची प्रत, मुलीच्या प्रवेशाचे कागद त्यातच असतात.

आता व्यवहाराचं बोलू. नव्या संगणकाचे पैसे म्हणजे कुणाच्या घरी एका मोसमाची भाजी, कुणाच्या घरी सुकेळीचा अख्खा हंगाम. ते काढण्याआधी यंत्र कशासाठी लागतं ते कागदावर लिहा.

ज्या बायका वालीव-सातिवलीच्या कारखान्यांचे हिशेब घरून टॅलीवर करतात, डिजिटल सही वापरतात, आधारचं बोटाचं यंत्र जोडतात, त्यांनी विंडोज सोडू नये. ही साधनं तिथंच नीट चालतात. यंत्र अकरासाठी पात्र असेल तर अकरा घालावं. नसेल तर दहासाठी कंपनीनं घरगुती ग्राहकांना एक वर्षाची जादा सुरक्षा देऊ केली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती फुकट घेता येते, पण त्यासाठी कंपनीचं खातं लागतं आणि संगणकाची सेटिंग्ज त्या खात्यावर ठेवावी लागतात. नको असेल तर पैसे भरून घेता येते, खातं तरीही लागतंच. म्हणजे फुकटालाही दाराशी नाव लिहावं लागतं. ते मान्य असेल तर जरूर घ्या.

ज्यांचं काम पत्रं, मुलांचा अभ्यास, इंटरनेट आणि गाणी एवढंच आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. लिनक्स. फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि जगभरच्या लोकांनी तो वाढवला. ते फुकट मिळतं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची कृती उघडी आहे. लोणच्याची बाटली आणि लोणच्याची कृती यांत जो फरक, तो इथं आहे. सी-डॅकनंही ‘बॉस’ नावानं भारतीय भाषांसह ते आणलेलं आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं अशाच खुल्या प्रणालीवर शिकली, तेव्हा हे फक्त तज्ज्ञांचं काम आहे असं समजू नका. लिब्रेऑफिसमध्ये पत्रं लिहिता येतात, मराठी युनिकोड उत्तम चालतं. अडचणी आहेत. काही प्रिंटर-स्कॅनर रुसतात, टॅली सरळ चालत नाही, आणि घरातला भाचा ‘हे काय घातलंय’ म्हणून नाक मुरडतो. त्याला त्याचा मोबाइल देऊन बसवा. घालायच्या आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, जुन्या प्रणालीला हात न लावता. तसंच बघा, आठवडाभर.

आणि दोन्ही वाटांवर एक काम आधी करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, जमल्यास रॅम आठ जीबी करा. चार स्क्रूंचं काम आहे, आणि दहा वर्षांचं यंत्र चटकन धावायला लागतं. लॅमिंग्टन रोडच्या जुन्या अर्थानं हेच खरं अपग्रेड. दुकानात देताना जुनी डिस्क परत मागून घ्या, तिच्यात तुमचे फोटो आहेत. यंत्र टाकायचंच ठरलं तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या, नाहीतर त्यातलं शिसं आपल्याच मातीत उतरायचं.

शेवटचं काम आमच्या स्वार्थाचं आहे. या निमित्तानं कपाटं उघडणारच आहात, तर जुन्या सीडी आणि फ्लॉपी शोधा. सामवेदीतली गाणी, म्हणी, वंशावळ, काहीही असेल. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, मात्र मूळ फाँट कुठला होता ते कळलं तर काम सोपं होतं. पत्रिका छापणारा, टाइप करणारी मुलगी, कुणालाही विचारा आणि फाँटचं नाव चिठ्ठीवर लिहून सीडीसोबत रेडिओ केंद्रात आणून द्या. बदलताना रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, आणि बोलीतले शब्द तर प्रोग्रॅमला ओळखताच येत नाहीत. म्हणून ज्यांना ती गाणी तोंडपाठ आहेत अशा आजींनीही सोबत यायचं आहे, त्या वाचून घेतील आणि आम्ही दुरुस्त करू. सीडीवर दमटपणानं बुरशी आली असेल तर घरी पुसू नका, ओरखडे पडतात. तशीच आणा.